भुलाबाईची तबकडी आणि दोन कारखाने

मी एकदा विषात रुमाल बुडवला आणि वर म्हणाले, "अय्या, काय सुरेख मोरपंखी!" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पर्समधून गुलाबपाण्याची रिकामी बाटली काढली, त्याच पाण्यानं काठोकाठ भरली, बूच लावलं आणि मिरवत माहेरी नेली. तेव्हा माझं वय अडतीस होतं. म्हणजे अक्कल यायचं वय उलटून गेलं होतं, अक्कल तेवढी यायची राहिली होती.

ही चूक फक्त खाप्याची लेकच करू शकते. आमच्या गावात, विणकरांच्या कोष्टीपुऱ्यात, घरोघरी माग. लहानपणी आम्ही पोरी पाण्याच्या रंगावरून ओळखायचो, आज कोणाच्या अंगणात कोणतं सूत रंगतंय. तांबडं पाणी आलं की लुगड्यांचे काठ, हिरवं आलं की कुणाचं तरी लग्न ठरलंय. रंगीत पाणी म्हणजे हाताला काम आणि चुलीवर भात. ते पाणीसुद्धा काही तीर्थ नव्हतं हे आता कळतं, पण तेव्हा रंगीत नाला दिसला की आमचं तोंड आपोआप हसरं व्हायचं. तसंच त्या दिवशी झालं. फक्त त्या दिवशी नाल्यात सुताचा रंग नव्हता.

हा प्रवास खापा ते कुही एवढाच. नकाशावर बोटभर. पण काशीला जाऊन आलेल्या माझ्या जावेनं जेवढं सांगितलं नाही, तेवढं माझ्याकडे सांगायला आहे.

प्रतापनगर

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात प्रतापनगरला आम्हा अकरा बायकांचं मंडळ होतं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी, संध्याकाळी पोरींची गाणी आणि मग खिरापत ओळखायची. पण त्या वर्षी पोरी भुलाबाईपुढे सिनेमाची गाणी म्हणू लागल्या. एकीनं तर भुलाबाईला कॅबरे दाखवला. तेव्हा मंडळानं ठरवलं: जुनी गाणी गोळा करायची, कोणाकडून तरी नीट गाऊन घ्यायची आणि त्यांची रेकॉर्ड काढायची. खरीखुरी तबकडी, काळी, चकचकीत, दोन्ही बाजूंनी वाजणारी.

गाणारी कोण, यावर वाद झालाच नाही. ती एकच होती, खाप्याची सखूमाय. कन्हान नदीच्या काठची ढिवरीण, साठीची. माझ्या लहानपणी डोक्यावर मासळीची टोपली घेऊन दारोदार फिरायची आणि भुलाबाईच्या दिवसांत टोपली दाराबाहेर ठेवून पोरींना गाणी शिकवायची. तिला जेवढी गाणी येत, तेवढी कोणाच्याच आजीला येत नव्हती. त्यातली अर्धी तर तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. ती गेली की ती गेली.

तबकडी कुठे काढायची, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. खाप्याच्या बाहेर तबकड्या दाबणारा एक कारखाना निघाला होता. "सुशीला, तुझं माहेरच तिथं आहे, तूच जा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. मी लगेच काळा चष्मा विकत घेतला. कंपनी निवडायला निघालेल्या बाईला काळा चष्मा हवाच, असं मला का वाटलं ते आता सांगता येत नाही. एका वहीत मी बारा प्रश्नही लिहून घेतले. पहिला प्रश्न: तबकडीच्या मधल्या कागदावर कमळ येईल का? दुसरा: ते गुलाबी असेल का? बाकीचे दहा प्रश्न याहून खोल नव्हते.

खापा

माघातली थंडी. सावनेरला एस.टी. बदलून खाप्याला उतरले, तर स्टँडवर दादा उभा. माझा मोठा भाऊ. घरी चार माग चालवायचा, बोलणं कमी आणि गावात शब्दाला मान. वहिनीनं मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढे ठेवल्या. प्रतापनगरात पाहुणा आला की विचारतात, "चहा घेणार का?" खाप्यात विचारत नाहीत. विचारणं म्हणजे नको म्हणायला वाट करून देणं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले. मालकाचं नाव दिगंबरराव. माझ्याच वयाचा, हसतमुख, झुळझुळीत शर्टाचा माणूस. त्यानं सगळं दाखवलं. आधी एका मऊ चकतीवर गाणं कोरतात, तिच्यावर निकेलचा मुलामा चढवून धातूचा ठसा काढतात, मग दोन ठशांच्या मध्ये काळ्या प्लास्टिकचा गरम गोळा ठेवून वरून दाब देतात. कानठळ्या बसवणारा फुस्स असा आवाज, वाफ, आणि आत तबकडी. कडेचा फाटका पदर सुरीनं कापला की झालं. मी तर टाळ्याच वाजवल्या.

"कमळ येईल का?" मी विचारलं.

"ताई, कमळ काय, तुम्ही म्हणान तं तलाव काढून देतो," दिगंबरराव म्हणाला.

तिथेच मी विरघळले. त्यानं तबकात विडा पुढे केला. आता ही आमच्या भागाची रीत: सौदा बोलून झाला की विडा देतात. घेतला की शब्द पक्का. कागद नाही, सही नाही. मी तो विडा घेतला आणि मागच्या दारानं बाहेर आले, तर समोर नाला. मोरपंखी! उन्हात असा चमकत होता की डोळे निवावेत.

"कोष्टीपुऱ्यात मोठं काम निघालेलं दिसतंय," मी म्हणाले.

दिगंबरराव नुसता हसला. "असन ना, ताई."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तबकडी निघेल त्या दिवशी आम्ही अकराही जणी ह्याच रंगाची लुगडी नेसायची! म्हणून रुमाल बुडवला, म्हणून बाटली भरली. नमुना म्हणून. विडा तोंडात, चष्मा डोळ्यांवर आणि विष पर्समध्ये घेऊन मी राणीसारखी माहेरी आले.

दादानं तो रुमाल दोन बोटांत धरला, उजेडाकडे केला. रुमाल वाळला होता आणि त्यावर रंगाचा मागमूस नव्हता, नुसता मळका डाग. "सुशे, हा रंग नाही," तो म्हणाला. "रंग सुताले धरते. ह्यानं काहीच धरलं नाही."

"मग काय आहे?"

"ते मले काय माहीत? पण तुह्या हाताले काय झालं?"

दोन्ही हातांना खाज सुटली होती. मी म्हणाले, शेंगांच्या मिठानं झालं असेल.

नाल्याच्या काठाकाठानं

सकाळी सखूमायकडे गेले. नाला जिथे कन्हानला मिळतो तिथे तिची झोपडी. दारात जाळं वाळत टाकलेलं, आणि इतकं कोरडं की त्यावर कोळ्यानं आपलंही जाळं विणलं होतं. मी तिला ऐटीत सांगितलं, की तुझी गाणी तबकडीवर येणार, मधल्या कागदावर कमळ येणार, गावातच कारखाना आहे आणि मी शब्दही देऊन आले. मग बाटली काढून म्हणाले, "आणि ह्या रंगाचं लुगडं तुलापण!"

सखूमायनं बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा बाटलीकडे.

"हे कुठून आणलं वं?"

"कारखान्यामागच्या नाल्यातून. कोष्टीपुऱ्याचा रंग..."

"सुशे," ती म्हणाली, "कोष्टीपुरा कुठं हाय?"

"नदीकडे. उताराला."

"अन् कारखाना?"

"वर. टेकाडावर."

"मंग कोष्टीपुऱ्याचं पानी चढ चढून कारखान्यामागं गेलं का? त्याले तिकीट कोनं काढून देल्लं?"

मी काळा चष्मा काढून ठेवला. पुन्हा कधी घातला नाही.

तिनं मला हाताला धरून नाल्याच्या काठानं वर नेलं. बाईचे पाय साठीत इतके चालतात हे मला तेव्हा कळलं. माझे पस्तिशीतच थांबले होते. तिनं दाखवलं: धुणं धुवायचे दगड, त्यांवर आता कोणी बसत नव्हतं. तिथे धुणाऱ्या बायकांच्या पोटऱ्यांवर खरजेचे चट्टे. काठाला गवत पिवळं. एका डबक्यापाशी तिनं मूठभर कोंडा टाकला. आम्ही वाट पाहिली. पाणी हललं नाही.

"इथं झिंगे होते," ती म्हणाली. "दांडक मासे होते. पोट्टे कुरत्यानं पकडत. दोन साल झाले, मी नदीत अर्धा कोस खाली जाऊन जाळं टाकते. तुह्या त्या दिगंबररावाले सांगाले गेली तं म्हने, मावशी, मासळी बजारातून घ्या."

"मला ठाऊक नव्हतं गं."

"तुले कसं असन? तू फुलं पाहाले गेली होती." मग ती उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "त्याच्या रेकॉर्डीच्या तव्यावर मी गात नाही, सुशे. माह्या घरचं पानी ज्यानं मारलं, त्याच्या घरी माहा आवाज जानार नाही. दुसरी कोनी पाय."

दुसरी कोणी नव्हतीच. ते तिलाही ठाऊक होतं, मलाही. एका बाजूला सखूमायची गाणी आणि दुसऱ्या बाजूला माझ्या माहेरच्या गावात, माझ्या भावाच्या नावावर घेतलेला विडा. विडा फिरवणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर थुंकण्यासारखंच.

दादाला सांगितलं. तो मागावर बसला होता. धोटा इकडून तिकडे जातच राहिला. वाटलं, आता म्हणेल, माझी नाचक्की करायला आलीस का. पण त्यानं धोटा थांबवला, वहिनीला हाक मारली आणि म्हणाला, "एक विडा लावून दे. चांगला. लवंग टोचून. घेतला तसा परत द्यायचा हाय."

तो विडा घेऊन मी एकटी कारखान्यात गेले. चाल अशी ठेवली की जणू बँडच्या मागे चाललेय. दिगंबररावाच्या टेबलावर विडा ठेवला आणि वहीतले बारा प्रश्न बाजूला सारून पहिल्यांदा खरा प्रश्न विचारला: "मुलाम्याचं उरलेलं पाणी तुम्ही कुठं सोडता?"

त्याचं हसू उतरलं. "ताई, बायकायनं गाणे म्हनावं. पान्याचं आमी पाहू."

"पाहिलं मी तुमचं पाणी. बाटलीत आहे. तुमच्या घरच्या माठात ओतू का?"

आसपासचे कामगार खाली मान घालून खोकले. खोकलाच होता असं म्हणू या. दिगंबरराव लालबुंद झाला. "मंग जा त्या कुहीच्या मेश्रामकडं! तो रेकॉर्डी कमी काढते अन् चुन्याचे खड्डेच जास्त खोदते!"

मला दुसऱ्या कारखान्याचा पत्ता असा मिळाला.

कुही

सखूमाय म्हणाली, "मी येते. तू मानूस पाह्यजो, पानी मी पाहीन." पाणी पाहायला माझ्यापेक्षा कोणीही चाललं असतं, हे मी मान्य केलं.

खापा नागपूरच्या वर, कुही खाली. धानाची बाजू. एस.टी.च्या खिडकीतून कापणी झालेल्या धानाच्या बांध्या दिसत होत्या आणि त्यांत लाखोरीच्या फुलांचे निळे-जांभळे ठिपके. कन्हान नदीही आमच्या बाजूबाजूनंच, वळणं घेत, वैनगंगेकडे निघालेली. सखूमाय बोट दाखवून म्हणाली, "माही बहीन इकडंच देल्ली हाय. वरचे लोक नाल्यात काय टाकते ते खालच्यायले आधी समजते."

मेश्रामजींचा कारखाना गावाबाहेर, कौलारू, दिगंबररावाच्या निम्माही नाही. मालक पन्नाशीचे, बारीक, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. दारावर बाबासाहेबांचा फोटो. त्यांची बायको सुमनताई आम्हाला पाहताच पाण्याची बादली घेऊन आली, पाय धुवायला. प्रतापनगरात आम्ही पाहुण्याच्या चपला पाहायचो, इथे पाय पाहिले.

मी वही उघडली. या वेळी प्रश्न एकच होता. मेश्रामजी म्हणाले, "चला, मागंच जाऊ. समोर पाहण्यासारखं काही नाही."

मागे ओळीनं चार खड्डे, विटांनी बांधलेले. पहिल्यात मुलाम्याचं हिरवं पाणी येत होतं. तोच तो मोरपंखी रंग, पाहून माझे हात पुन्हा खाजले. त्यात ते चुना टाकत. हिरवा गाळ खाली बसे, वरचं पाणी दुसऱ्या खड्ड्यात, तिथून तिसऱ्यात, शेवटी चौथ्यात. गाळ वाळवून पिंपांत बंद, पिंपं छपराखाली. "हा गाळ फेकायचा कुठं, ते मले अजून समजलं नाही," ते म्हणाले. "समजेपर्यंत सांभाळतो." तबकडीच्या कडेचं कापलेलं प्लास्टिकही जाळत नव्हते, दळून पुन्हा गोळ्यात मिसळत.

"ह्यानं रेकॉर्डीत थोडी खरखर येते, आधीच सांगतो," ते म्हणाले. "ज्याले नाही चालत तो खाप्याले जाते."

"तुम्ही हे सगळं का करता?" मी विचारलं. "खाप्याचे तर करत नाहीत."

त्यांनी बाह्या वर केल्या. कोपरापर्यंत कातडी जाड, काळी, भेगाळलेली. "वीस साल मुलाम्याच्या खात्यात नोकरी केली, ताई. हे त्या पान्याचं लेनं. मले माहीत हाय ना, ते काय करते."

मनात म्हटलं, हेच, हाच कारखाना. विडा कुठाय?

तेवढ्यात मेश्रामजी अभिमानानं चौथ्या खड्ड्याकडे वळले. "अन् हा माझा इन्स्पेक्टर!" पाण्यात काळीभोर, हातभर लांबीची मरळ फिरत होती. "दीड साल झाले. मस्त हाय."

सखूमाय काठावर उकिडवी बसली. मरळीकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसू लागली.

"काय झालं, मावशी?"

"दादा, तुमी मानूस चांगले हा. पन तुमचा इन्स्पेक्टर खोटा हाय." ती म्हणाली, "मरळ तोंड वर काढून हवा पेते. तलाव आटला तं चिखलात जगते. तिले गटारात टाका, तिथं लेकरं घालन. मरळीनं पास केलं म्हंजे कोनीच पास केलं नाही."

मेश्रामजींचा चेहरा पडला. इतका, की मलाच सखूमायचा राग आला. एवढा भला माणूस, आणि ही त्याच्या माशाला नापास करते! पण ते म्हणाले, "मंग कोण पाहिजे?"

"रोहूचे पिल्लं. बोटभर. त्यायले जरा वंगाळ पानी चालत नाही. दोन दिवस जगले तं मी गाईन. मेले तं चहा पेऊन आमी घरी."

"आणा," मेश्रामजी म्हणाले.

दोन दिवस

सखूमायची बहीण जवळच्याच गावात, मोठ्या तलावाच्या पाळीवर राहायची. तिच्या घरच्यांनी तलावातून तीस पिल्लं काढून दिली. मी घागर कमरेवर घेतली, कारण मला काहीतरी करून दाखवायचं होतं. बांधावरून चालताना पाय घसरला आणि मी बसले चिखलात. घागर मात्र उभी. सखूमाय मागे वळली, आधी घागरीत डोकावली. "एक दबली वाटते. बाकीचे बरे हायेत." मग माझ्याकडे पाहिलं. "तू बी बरी हाय ना?"

पिल्लं चौथ्या खड्ड्यात सोडली. मरळीला आधी बाहेर काढून बादलीत ठेवलं, नाहीतर परीक्षा संपायच्या आत परीक्षार्थी संपले असते.

दोन दिवस आम्ही बहिणीच्या घरी. तिन्ही वेळा भात. सकाळी शिळा भात फोडणीचा, दुपारी भात आणि घोटलेली लाखोरीची भाजी, रात्री भात आणि मासळीचा तिखटजाळ रस्सा, ज्यातलं मी काही खात नाही असं सासरी सांगितलेलं होतं आणि इथे दोनदा वाढून घेतलं. पोळी मागितली तर घरातल्या म्हाताऱ्यानं काळजीनं विचारलं, "पोरीची तब्येत बिघडली का गा?" तिथे पोळी आजाऱ्याला देतात. दुपारी बायका तलावावर गेल्या की सखूमाय गाऊ लागे आणि पाळीवरच्या बायका हातातलं काम सोडून धृपद उचलत. त्यांनाही ही गाणी अर्धीमुर्धीच येत होती. ते ऐकताना मला नीट कळलं, की ह्या दोन दिवसांत त्या खड्ड्यात काय ठरत होतं.

तिसऱ्या सकाळी कारखान्यात पोचलो, तर मेश्रामजी काठावर बसलेले. डोळे लाल. सुमनताई म्हणाली, "रात्रभर चार वेळा उठून पाहून आले." त्यांनी बोट दाखवलं. पाण्यावर एक पिल्लू पांढरं पोट वर करून तरंगत होतं.

"मेलं," ते म्हणाले. "तुमाले सांगू नये, काढून फेकावं असंही मनात आलं. पण नाही फेकलं."

सखूमायनं ते पिल्लू हातात घेतलं. अंगठ्याच्या नखानं कल्ला उचलला, उन्हाकडे केला, जवळ नेऊन पाहिला.

"कल्ला लाल हाय," ती म्हणाली. "विषानं मेलं असतं तं कल्ल्यावर चिकट साय आली असती. आमच्या नाल्यातले मेले तवा तशीच होती. हे पाहा, पाठीचा काटा मोडेल हाय. हे सुशीच्या घागरीत दबलं." माझ्याकडे न पाहताच तिनं पुढे जोडलं, "हे पाप कारखान्याचं नाही. हे प्रतापनगरचं हाय."

मग तिनं मूठभर कोंडा पाण्यावर टाकला. आणि पाणी उकळल्यासारखं झालं! एकोणतीस तोंडं एकदम वर आली, शेपट्या आपटत, एकमेकांवर चढत. असा कोंडा खाल्ला त्यांनी, की भुलाबाईची खिरापतही कोणी एवढ्या हावरेपणानं खाल्ली नसेल. मी ओरडले. खरंच ओरडले, अडतीस वर्षांची बाई, परक्या गावात. सुमनताई आतून कणकेच्या हातांनी धावत आली आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून नाचलो. तिच्या हाताची कणीक माझ्या पाठीवर नागपूरपर्यंत आली.

मेश्रामजींनी चष्मा काढून पुसला. मग लगेच म्हणाले, "एक गोष्ट सांगायची राहिली. पावसात खड्डे भरून वाहतात. म्हणून मिरगापासून दसऱ्यापर्यंत मी मुलामा बंद ठेवतो. तुमची रेकॉर्ड भुलाबाईले पाहिजे असन तं गाणं मिरगाच्या आधी झालं पाहिजे."

"होईल," मी म्हणाले. विडा त्यांनी दिला नाही, त्यांच्याकडे ती रीत नव्हती. सुमनताईनं गुळाचा खडा दिला. तो विड्यापेक्षा पक्का लागला.

पुन्हा नागपूर

मंडळात मी सगळं सांगितलं, रुमालासकट. खरखरीचं ऐकून दोघी कुरकुरल्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "भुलाबाई मातीची असते, तिला कोणी म्हणतं का की गुळगुळीत का नाही?" विषय मिटला. लुगड्यांचा रंग कुठला घ्यायचा, हे विचारायला माझ्याकडे कोणी आलं नाही.

वैशाखात सखूमाय नागपुरात येऊन गायली. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पंखा बंद करावा लागे, घाम कपाळावरून डोळ्यांत, तरी ती एकेक गाणं एका दमात म्हणत गेली. मधेच यंत्रावरच्या माणसाला तिनं ताल चुकल्याचं सांगितलं, तो म्हणाला, "मावशी, मी वाजवत नाही, मी नुसता बटन दाबतो." "मंग बरोबर दाब," ती म्हणाली. मृगाच्या आठवडाभर आधी ठसा तयार झाला. भादव्यात तबकड्या आल्या. मध्ये साधा बदामी कागद, कमळ नाही. थोडी खरखर आहे, आजही आहे. पण त्या खरखरीतून सखूमायचा आवाज असा वर येतो की प्रतापनगरच्या पोरी त्या वर्षी सिनेमाची गाणी विसरल्या. खाप्यात दादानं अंगणात ग्रामोफोन लावला तेव्हा आख्खा कोष्टीपुरा माग थांबवून आला. कुहीच्या बाजूनं सुमनताईनं निरोप धाडला, की तलावाच्या पाळीवर आता पुरी गाणी म्हणतात.

आणि हो, ही तबकडी कुठे निघाली, का निघाली, हे सखूमाय भेटेल त्याला सांगायची. मीही. एका भुलाबाईत ती गोष्ट नागपुरातल्या सगळ्या मंडळांत पोचली. पुढच्या वर्षी आणखी तीन मंडळांनी तबकड्या काढल्या, तिन्ही मेश्रामजींकडे.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी आमच्या दारात स्कूटर थांबली. दिगंबरराव. तोच झुळझुळीत शर्ट, पण बाह्यांना चुन्याचे पांढरे डाग. मी बसा म्हटलं, बसला नाही. पाणी दिलं, ते प्याला. पेला खाली ठेवून, माझ्याकडे न बघता, म्हणाला:

"ताई, चार खड्डे खोदले. त्या सखूबाईले एक दिवस आमच्याकडं पाठवता का? रोहूचे पिल्लं आणून ठेवले मी. मरळ नाही आणली."